चिकटपट्टीखालचा खटका

ता. ९ फेब्रुवारी

भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

काल टपालाने आलं ते असं. रेकॉर्ड एक, जाड पुठ्ठ्याच्या कव्हरात, किंमत अडुसष्ट. गाण्यांचे शब्द छापलेला कागद एक, त्याचे वेगळे पैसे नाहीत. रेकॉर्ड प्लेअरची नवी सुई, बावीस, कारण जुनी गंजली होती. टपालखर्च साडेसहा. खर्चाच्या वहीत हे कुठल्या सदरात घालावं ते कळेना. ‘किरकोळ’ म्हणावं तर एवढी रक्कम किरकोळ नाही. शेवटी ‘पाहुणे’ या सदरात लिहिलं. त्या पानावर सात वर्षांत फार काही लिहिलेलं नाही.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून कव्हरवर छापलेल्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे. ते लोक तुमच्यापर्यंत पोचवतील असं धरून चालते.

वर्तमानपत्रात तुमच्या बँडचा फोटो पाहिला, नवा अल्बम निघाल्याची बातमी होती. तुम्ही डावीकडून दुसरे. केस कापायला झालेत. मागच्या दोन कॅसेट मी घेतल्या होत्या, हे तुम्हाला ठाऊक नसेल. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या घरी बसून ऐकायची. त्या गेल्या वर्षी लेकीकडे राहायला गेल्या, मग ऐकणंही बंद आणि बोलणंही. आता हा अल्बम नुसता रेकॉर्डवरच निघालाय, म्हणून मोठ्या बाजारातल्या दुकानात जाऊन मागवला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “काकू, कुणाला द्यायचाय? मुलाला?”

म्हटलं, “मलाच ऐकायचाय.”

“हे लोक फार जोरात वाजवतात हं.”

“माहीत आहे. त्यातला गाणारा माझ्या हातचं जेवून मोठा झालाय.”

ती हसली. तिला वाटलं थट्टा करतेय.

मामंजींचा प्लेअर त्यांच्या माघारी कुणी उघडला नव्हता. पुसला, सुई बसवली, आणि तुमचे दादा दुकानात गेल्यावर, देवाचं आटोपून, पहिली बाजू लावली. खरं सांगते, मी कानांची तयारी करून बसले होते. अल्बमचं नावच ‘मोठ्याने’. पण आत सगळं किती संथ. गिटार म्हणजे कुणी लोखंडी कपाट हळूहळू ओढत नेतंय असं वाटतं, आणि ढोल एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखा. आणि तुमचा आवाज. भाऊजी, तुमचा आवाज केवढा जड झालाय. मामंजी सकाळी पोथी वाचायचे तेव्हा कपाटाच्या काचा थरथरायच्या, तसा. माणूस तिशीत आलं की असं होतं का? मला आवडला. नाव ‘मोठ्याने’ आणि गाणी अशी, ही तुमचीच चेष्टा असणार, असं समजून एकटीच हसले.

पाचवं गाणं ‘चार पायऱ्या’. त्या आपल्याच दारच्या पायऱ्या हे कागद न बघता कळलं. “चार पायऱ्या चढून आलो, चार पायऱ्या उतरलो, मी उशीर केला, केला, केला.” किती शांतपणे म्हटलंय. डोळे पुसत बसले.

त्या दिवशी मी बाहेर आले नाही हे तुमच्या मनात असेल. माझे हात कणकेने भरले होते. तेवढंच सांगायचं होतं.

तुमची,
वहिनी

ता. १७ फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर नाही, पण इतक्यात येईल अशी माझीही अपेक्षा नव्हती. आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे.

परवा दुपारी तुमचे दादा चष्मा विसरला म्हणून दुकानातून परत आले. मी ‘चार पायऱ्या’ लावलं होतं आणि मला दार उघडल्याचं कळलंच नाही. वळून बघते तो हे उंबऱ्यात उभे, एक चप्पल पायात, एक हातात. चेहरा पांढराफटक.

“अण्णांची रेकॉर्ड कुठून काढलीस?” म्हणाले.

मामंजींची रेकॉर्ड कधी झालीच नव्हती. ते घराबाहेर कधी गायलेच नाहीत. मी म्हटलं, “अण्णा नाहीत. धाकटा आहे.”

सात वर्षांत या घरात तुमचा उल्लेख झाला नव्हता. मला वाटलं, आता प्लेअर उचलून बाहेर ठेवतील. ते तिथेच चपलांच्या स्टुलावर बसले. बाजू संपली, सुई नुसती खरखरत राहिली तरी उठेनात. मग चष्मा खिशात घातला आणि पायऱ्यांवरून म्हणाले, “संध्याकाळी मी आल्यावर लाव.”

तेव्हापासून रोज सहाला लावते. आमचं जेवण कसं व्हायचं ते तुम्हाला काय सांगू. भाजी वाढू का, वाढ. मीठ आहे का, आहे. वर तर आता कुणीच राहत नाही, त्यामुळे दिवसभरात ऐकलेला माणसाचा आवाज एवढाच. आता हे ऐकता ऐकता बोलतात. तुम्ही दुकानात दुरुस्तीला आलेल्या तराजूच्या पारड्यात बसून ‘मला मोज’ म्हणायचात आणि खरोखर मोजल्याशिवाय उतरायचा नाहीत, ते काल आठवलं त्यांना. हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

म्हणाले, “पोरगं निवळलं गं. तेव्हा नुसता गोंगाट होता.”

मी म्हटलं, “वय झालं आता.”

“अण्णांचा गळा उतरलाय. माझ्यात नाही उतरला, त्याच्यात उतरला.”

यात हेवा नव्हता, भाऊजी. असं कुठल्याच गोष्टीबद्दल त्यांनी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

तुमची,
वहिनी

ता. २३ फेब्रुवारी

भाऊजी,

मागची दोन पत्रं तुमच्या हाती पडली असतील तर तुम्ही काय समजला असाल कोण जाणे. परत मागवता येत नाहीत, म्हणून हे तिसरं.

पहिली बाजू सुरू केली की मी भाजी फोडणीला टाकते, म्हणजे गाणी संपता संपता ती शिजते. त्यामुळे बाजू किती वेळ चालते हे मला पाठ झालंय. एकवीस मिनिटं आणि वर थोडं. काल सहज कव्हर हातात घेतलं, तर प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं छापलेली. तुम्हाला माझी खोड माहीत आहे, आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. पाच गाण्यांची बेरीज आली सोळा. पुन्हा केली, सोळाच. घड्याळ समोर ठेवून बाजू पुन्हा लावली. एकवीसच्या वर. वरची साडेपाच मिनिटं आली कुठून? खर्चात तूट आली की कळतं, कुठेतरी विसरलं. पण जास्त आलं की माझी झोप जाते, म्हणजे कुणाचं तरी आपल्याकडे आलंय.

मग रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदाकडे लक्ष गेलं. तिथे ‘४५’ छापलंय. पहिल्या दिवशी मी ते वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, छापील किंमत पंचेचाळीस आणि त्या पोरीने अडुसष्ट घेतले.

मामंजींच्या प्लेअरवर वेगाचा खटका आहे, मिनिटाला तेहतीस फेऱ्यांचा आणि पंचेचाळीसचा. लहानपणी तुम्ही तो पुढेमागे करून गाणाऱ्यांचे कधी उंदीर तर कधी राक्षस करायचात, म्हणून मामंजींनी त्याला तेहतीसवर चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, ‘हात लावू नये’. त्यांच्या सगळ्या रेकॉर्ड तेहतीसच्याच होत्या. वीस वर्षं कुणी हात लावला नाही. सुई बदलताना मी पट्टीवरची धूळसुद्धा हलक्या हाताने पुसली होती.

हे दुकानात होते. पट्टी नखाने सोडवली आणि खटका पुढे केला.

भाऊजी, पहिल्या क्षणी मी दचकून मागे सरले. सगळं एकदम अंगावर आलं. ढोल जिना उतरून धावल्यासारखा. कपाट कुणी ओढत नव्हतं, खालीच टाकत होतं. आणि तुमचा आवाज तो तुमचाच. उंच, थोडा किनरा, शेवटाला फाटणारा. मामंजी त्यात कुठेही नाहीत.

आणि ‘चार पायऱ्या’. ते शांत नाही. “केला, केला, केला” हे तुम्ही दात ओठ खाऊन म्हटलंय. कबुली वाटली होती मला. तुम्ही तर तोंडावर फेकताय.

माझं मत विचाराल तर, तीनदा ऐकल्यावर मला हेच बरं वाटलं. दुसऱ्या बाजूचं ‘पंखा’ ऐकताना माझा पाय हलत होता हे माझ्या लक्षात आलं आणि मी इकडेतिकडे बघितलं. बघणारं कोण होतं? ‘कुलूप’ मात्र दोन कडवी कमी असतं तरी चाललं असतं. बासरीसारखं मध्ये काय वाजतं ते पुन्हा कधी वाजवू नका.

साडेपाचला मी खटका मागे केला आणि पट्टी होती तशी दाबून बसवली. सहाला हे आले, हातपाय धुऊन बसले, म्हणाले, “लाव.” मी लावलं.

ज्या घरात चुकीचं वजन ठेवणं म्हणजे चोरी, त्या घरात मी हे केलं. संध्याकाळी देवापुढे बसले, पण वर बघवेना.

वहिनी

ता. ८ मार्च

भाऊजी,

अजून तुमच्याकडून काही नाही. पत्रं पोचत नसतील किंवा पोचत असतील.

काल यांनी रेकॉर्ड संपल्यावर घसा साफ केला. “त्याला पत्र टाक,” म्हणाले. “म्हणावं, ये. म्हणावं, झालं गेलं.” मग बराच वेळ काटा पुसत बसले. दुकानातला एक काटा घरी आणला होता, त्याचं पितळी पारडं. पुसून झालेलंच पुन्हा पुसत होते. “तो माफी मागतोय तर मी काय धरून बसू? गाण्यात का होईना, मागतोय ना.”

मी म्हटलं, “लिहिते.”

आज सकाळपासून कागद समोर आहे. काय लिहू? ये, तुझ्या दादांनी तुला माफ केलं? कशाबद्दल? जी माफी तुम्ही मागितलीच नाही तिच्याबद्दल? तुम्ही दारात याल, पायऱ्या चढाल, तोंड उघडाल, आणि पहिल्या वाक्याला यांना कळेल की हा तो आवाज नाही. मग दुसऱ्यांदा त्याच पायऱ्या उतरायला तुम्हाला बोलवायचं का मी?

आणि न सांगावं तर हे संध्याकाळी सहाचं टिकतं. दोन माणसांच्या घरात एवढंच आहे. मी लोभी झाले होते, भाऊजी. आयुष्यात पैशाचा लोभ केला नाही, तो हा असा निघाला.

म्हणून आधी माझंच एक खरं लिहिते. त्या दिवशी माझे हात कणकेने भरलेले नव्हते. मी दाराआड उभी होते. तुम्ही म्हणालात, “दादा, तार आज मिळाली, आम्ही गावोगाव फिरत होतो.” हे म्हणाले, “गाण्याला बरा वेळेवर पोचतोस.” मग तुम्ही म्हणालात, “वहिनी कुठेय?” आणि यांनी उत्तर दिलं नाही, आणि मीही दिलं नाही. पाण्याचा पेला भरून हातात होता. चार दिवस मामंजींच्या माघारी यांना घास गेला नव्हता, मी यांच्याविरुद्ध एक पाऊल टाकलं तर हे कोसळतील अशी भीती वाटली. तुम्ही चौथी पायरी उतरल्याचा आवाज आला, मग तो पेला मी मोरीत ओतला.

नऊ वर्षांचं पोर माझ्या पदरात घालून तुमच्या आई गेल्या आणि चोविसाव्या वर्षी मी त्याला पाणी दिलं नाही. गाण्यात तुम्ही दादांवर रागावलात, माझं नाव घेतलं नाहीत. घ्यायला हवं होतं.

वहिनी

ता. १४ मार्च

भाऊजी,

काल सांगितलं.

सहाला हे बसले. मी प्लेअरजवळ गेले आणि सुई न लावता म्हटलं, “आपल्या घरात एक काटा चुकीचं वजन दाखवतोय.”

“कुठला?”

“हा. सोळाचे एकवीस भरतोय.”

दुसरा माणूस म्हणाला असता, काय बडबडतेस. हे उठून आले. मी मधल्या कागदावरचा आकडा दाखवला, मग खटका. त्यांनी चष्मा वर केला, पट्टीवरची मामंजींची अक्षरं वाचली. “किती दिवस माहीत होतं?”

“एकोणीस.”

“दुकानात कामाला असतीस तर त्याच दिवशी हिशेब करून घरी पाठवलं असतं.”

“घरीच आहे मी,” म्हटलं. “इथून कुठे पाठवणार?”

त्यांनी अंगठ्याच्या नखाने पट्टी काढली, सरळ, न फाडता, आणि खटका पुढे केला. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

पहिली चार गाणी त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून ऐकली, दाताच्या दवाखान्यात बसतात तशी. ‘चार पायऱ्या’ सुरू झालं तेव्हा मान खाली गेली. संपल्यावर म्हणाले, “माफी नाही ही.”

“नाही.”

“मलाच म्हणतोय.”

“हो. आणि मी दाराआड होते, हातात पाणी घेऊन. मलाही म्हणायला हवं होतं त्याने.”

हे त्यांना मी सात वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “अण्णा नव्हतेच तर त्यात.” आवाज असा होता की मामंजी कालच गेले असावेत. मी बाहेर जायला निघाले. वाटलं, थोडा वेळ एकटं असू द्यावं.

“थांब. तेच परत लाव.”

परत लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ते खाली बसले, जमिनीवर, या वयात, आणि स्पीकरच्या कापडाला कान लावला. डोळे मिटलेले. दुकानात काटा तपासताना असेच मिटतात.

“ऐक,” म्हणाले.

“काय ऐकू? ओरडतोय तो.”

“ओरडतोय ते सोड. ओळ सुरू करायच्या आधी ऐक. श्वास घेतो तिथे.”

मला काही ऐकू येईना. यांनी सुई स्वतःच्या हाताने मागे घेतली, जिला आजवर कधी हात लावला नव्हता. “हे. हे बघ. शिटी वाजतेय छातीत. ‘चढून आलो’च्या आधी एक, आणि ‘केला’ म्हणतो ना शेवटचं, त्याच्यानंतर. त्याला दम पुरत नाहीये. फाटतोय आवाज तो रागाने नाही सगळा.”

चौथ्यांदा मलाही ऐकू आलं. बारीक, दाराच्या फटीतून वारा यावा तसं.

भाऊजी, मी या घरात आले त्याच्या आधीचं हे आहे, म्हणून मला सांगोवांगीच ठाऊक होतं. काल यांनी सगळं सांगितलं. तुम्ही पाचसहा वर्षांचे असताना दमा उठला की आडवं होता यायचं नाही, तेव्हा दादा भिंतीला पाठ लावून बसायचे आणि तुम्हाला छातीशी उभं धरायचे. डॉक्टर म्हणाले होते, शिटी ऐकत राहा, बारीक झाली तर घाबरू नका, बंद झाली तर पळत या. तेव्हा हे एकोणीस वर्षांचे. “त्याचा श्वास मोजत बसायचो,” म्हणाले. “वजनं मोजायला मी नंतर शिकलो.” पुढे तुमचं ते गेलं, सातव्या वर्षी, आणि सगळे विसरले. हे विसरले नव्हते.

मग घरात फेऱ्या मारायला लागले. एक एक प्रश्न आठवेल तसा विचारायचे, जणू मला उत्तर माहीत आहे. दम्याचा फवारा जवळ ठेवतो का? रंगमंचावर तो धूर सोडतात, फोटोत दिसतो, तो कशाला? झोपतो कसा, आडवा की टेकून? खोलीला ओल आहे का? मी म्हटलं, “मला काय माहीत?” तर म्हणाले, “मग विचार ना त्याला. लिही.”

“गाणं कसं वाटलं तेही लिहू का?”

“वाईट आहे. फार वाईट आहे,” म्हणाले. दोन पावलं गेले आणि वळले. “पण खरं बोलतोय. तेही लिही.”

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते कंपनीच्या कचेरीत फोन करायला बाजारात गेले. तिकडून कुणी मुलगी बोलली, कलाकारांचे पत्ते देता येत नाहीत म्हणाली. हे म्हणाले, मी भाऊ आहे. ती म्हणाली, सगळेच असं सांगतात. मग निदान आलेली पत्रं त्याला देता का, विचारलं, तर म्हणाली, दर महिन्याला एक पिशवी भरून देतो, वाचतात की नाही ते आम्हाला कसं कळणार. घरी येऊन मला हे सांगितलं आणि पाकिटावर स्वतःच्या हाताने तुमचं घरातलं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, म्हणजे पिशवीत ओळखू येईल. तुमच्या डोळ्यांना ते अक्षर दिसलं असेल तर हे पाकीट उघडलं असेल.

ये असं मी लिहीत नाही. यांनीही आज तसं म्हटलं नाही. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि आमच्यावर रागावून पुढचा अल्बम काढायचा असेल तर तोही काढा, मी मागवीन. आम्हीच निघून तिकडे यावं असं यांच्या मनात आहे. दुकानाच्या किल्ल्या शेजाऱ्याला द्यायचं बोलत होते. तुम्हाला नको असेल तर तसं स्पष्ट लिहा, आम्ही येणार नाही.

पण छातीचं लिहा. डॉक्टरला दाखवलंय का, कुठलं औषध चालू आहे, रात्री टेकून बसावं लागतं का. मायना नको, खुशाली नको, दोन ओळी पुरेत, कार्डावर चालतील. हे रोज टपालाच्या वेळेला दुकानातून घरी यायला लागलेत. उलट टपाली कळवा.

वहिनी